पुन्हा मागताना

मागणे आणि नाकारले जाणे हे मनुष्याच्या वाट्यास नित्य येणारे अनुभव होत. परंतु एकदा नाकारले गेल्यावर पुन्हा त्याच दारी जावे काय, आणि जावयाचे तर कोणत्या शब्दांनी मागावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आपल्या सभासद-कुटुंबांपैकी कित्येकांची मुले आज अमेरिकेत, इंग्लंडात अथवा कॅनडात आहेत, आणि त्यांच्या आईवडिलांपुढे हा प्रश्न रोख स्वरूपात उभा राहतो. मुलाकडे चार महिने राहून यावे म्हणून त्यांनी भेटीचा व्हिसा मागितलेला असतो. तो नाकारला जातो. आणि घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "झाली एवढी शोभा पुरे." दुसरा म्हणतो, "यावेळी नीट उत्तरे द्या, म्हणजे मिळेल." या 'नीट' शब्दाच्या पोटात काय काय दडलेले असते ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

लहान तोंडी मोठा घास घेतो आहे याची मला जाणीव आहे. माझे शिक्षण माध्यमिक शाळेपलीकडे गेलेले नाही आणि समुद्र मी ओलांडलेला नाही. तथापि पुजाऱ्याचा मुलगा या नात्याने मुलाखतीस जाण्यापूर्वी देवापुढे नारळ ठेवावयास येणारी वडील मंडळी मी पाहतो, आणि संगणकावर अर्ज भरण्यास घरात कोणी तरुण उरलेला नसला म्हणजे ती मला हाक मारतात. ज्याच्या हाताने उत्तरे लिहिली जातात, त्याने उत्तरांचा विचार करावा हे युक्तच आहे.

प्रथम नकार म्हणजे नेमके काय, ते समजून घेऊ. अमेरिकेचा १९५२ सालचा जो स्थलांतरविषयक कायदा आहे, त्याच्या कलम २१४ (बी) चा आशय असा की, भेटीसाठी व्हिसा मागणारा परकीय मनुष्य कायमचा राहावयास येत आहे असेच आधी धरून चालावे. तसे नाही, हे त्याने स्वतः अधिकाऱ्याच्या मनास पटवून द्यावे. सिद्ध करण्याचा भार सर्वस्वी मागणाऱ्यावर. पटविण्यास अवधी म्हणाल तर खिडकीपुढची दोनचार मिनिटे. त्यात पटले नाही तर एक छापील कागद हाती येतो. त्यावर कलमाचा आकडा असतो. तुमचे अमुक उत्तर पटले नाही, असे त्यात लिहिलेले नसते. या निर्णयावर अपील नाही. मात्र पुन्हा अर्ज करण्यास ठरावीक काळ थांबावे लागत नाही; नवा अर्ज, नवे शुल्क व नवी मुलाखत, एवढे झाले की पुन्हा उभे राहता येते. जून २०२३ मध्ये हे शुल्क माणशी १८५ डॉलर करण्यात आले, व नकार मिळाला तरी ते परत मिळत नाही. शिवाय पूर्वी ७९ वर्षांवरील वृद्धांना मुलाखतीतून बहुधा सूट मिळे. सप्टेंबर २०२५ पासून तीही सामान्यतः राहिलेली नाही. बडोद्याहून मुंबईस जावयाचे, एके दिवशी बोटांचे ठसे व छायाचित्र द्यावयाचे, दुसऱ्या दिवशी मुलाखतीस उभे राहावयाचे, आणि रिकाम्या हाताने परतावयाचे, ही यातायात उतारवयात थोडी नव्हे.

इतर देशांत तपशील वेगळे आहेत. इंग्लंडात नकाराची कारणे लेखी कळवितात. परंतु कुटुंबाच्या भेटीस जाणाऱ्यांना अपिलाचा जो पूर्ण अधिकार होता, तो २०१३ मध्ये काढून घेण्यात आला. कॅनडात पाहुणा मुदत संपताच देश सोडील अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. तिन्ही ठिकाणी प्रश्न मात्र एकच: तुम्ही परत जाल काय?

हा प्रश्न अपमानकारक आहे काय? ज्या गृहस्थाने पस्तीस वर्षे नोकरीत पैचा घोटाळा केला नाही, ज्याच्या शब्दावर गल्लीत उधारी चालते, त्यास एका परक्या तरुणाने खिडकीमागून 'माझी खात्री पटली नाही' असे सांगावे, हे झोंबणारच. पण विश्वास न बसणे आणि लबाड ठरविणे यांत अंतर आहे. लग्नकार्यासाठी देवळातील मोठी पातेली व सतरंज्या नेणाऱ्याकडून आपण अनामत ठेवून घेतो. नेणारा चोर आहे असे त्यातून कोणी सुचवीत नाही; आपण त्यास ओळखत नाही, एवढाच त्याचा अर्थ. घरधन्याने अनोळखी पाहुण्यास 'केव्हा निघणार' असे विचारणे कठोर वाटले, तरी तो त्याचा अधिकार आहे.

तरीही या न्यायात एक उणीव आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करणे बरे नव्हे. परतण्याचा पुरावा म्हणून घर, जमीन, निवृत्तिवेतन, नोकरी, पूर्वीचे परदेशप्रवास या गोष्टींना वजन असते. ज्याच्यापाशी हे सर्व आहे त्याचे परतणे संभाव्य मानले जाते. ज्या विधवा आईचे घर मुलाच्या शिक्षणात विकले गेले आणि जी आज भाड्याच्या दोन खोल्यांत राहते, तिच्यापाशी दाखविण्यासारखा कागदच नसतो. वास्तविक तुळशीला पाणी घातल्यावाचून जिचा दिवस उजाडत नाही, अशी बाई परक्या मुलखात कायमची कशी राहील? पण तुळशीचा दाखला कोणतीही कचेरी देत नाही. येथे कायद्याचे माप अपुरे पडते. माप अपुरे आहे हे म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे. त्या मापात बसावे म्हणून असत्याची भर घालण्याचा मात्र नाही.

आता पुन्हा अर्ज करण्याविषयी. कायदा दार उघडे ठेवतो, म्हणून दुसऱ्यांदा जाण्यात कमीपणा मुळीच नाही. स्वाभिमानास धक्का लागतो तो पुन्हा मागितल्याने नव्हे, तर स्वतःस बदलून मागितल्याने. परंतु त्याआधी एक गोष्ट घरात विचारली पाहिजे, व ती बहुधा विचारली जात नाही: आईवडिलांना स्वतःला जावयाचे आहे काय? मुलगा दूरध्वनीवर म्हणतो, "बाबा, यावेळी मी सगळे भरतो, तुम्ही फक्त जा." मुलाचे मन मोडू नये म्हणून बाबा होकार देतात. पहिला नकार आल्यावर त्यांना आतून सुटल्यासारखे वाटले असेल, हे त्या मुलास कोण सांगणार? उलट जिला नातवाच्या ओढीने झोप लागत नाही, त्या आजीस 'जाऊ दे ना आता' म्हणून गप्प बसविणे हाही अन्यायच. पहिला नकार शांतपणे विचार करण्यास अवसर देतो. तेवढा तरी उपयोग त्याचा करून घ्यावा.

जावयाचे ठरले, म्हणजे मोह सुरू होतात. ते मुख्यतः तीन प्रकारचे असतात. पहिला मोह मागील नकार लपविण्याचा. 'डीएस-१६०' या अर्जात पूर्वी कधी व्हिसा नाकारला गेला होता काय, असा सरळ प्रश्न आहे. तेथे 'नाही' लिहिणे हे असत्य तर आहेच, पण व्यर्थही आहे, कारण पहिल्या खेपेची नोंद त्यांच्या दप्तरी असते. दुसरा मोह पैशाचा देखावा करण्याचा. नातेवाइकांकडून रकमा आणून पंधरा दिवस खात्यात ठेवावयाच्या, आणि मुलाखत आटोपली की परत करावयाच्या. तिसरा मोह हेतू झाकण्याचा. मुलीच्या बाळंतपणासाठी जावयाचे, आणि अर्जात धबधबे व स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा पाहावयाचा असे लिहावयाचे. बाळंतपणाचे नाव काढले की नकार येतो, अशी समजूत सल्लागार करून देतात, म्हणून लोक असे करतात.

या तिसऱ्या प्रकारात एक सोयीची पळवाट असते. धबधबा पाहणार हे खोटे नाही, एखाद्या रविवारी पाहतीलच, असे म्हणून मनाचे समाधान केले जाते. आपल्या भाषेत यालाच 'नरो वा कुंजरो वा' म्हणतात. युधिष्ठिराच्या मुखातून निघालेले शब्द अक्षरशः खोटे नव्हते. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मारला गेला होता. तरी जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला. महाभारतकाराने हे फार बारकाईने जाणले आहे की, ऐकणाऱ्याची समजूत चुकावी या हेतूने उच्चारलेले सत्य हे सत्याच्या वर्गातून बाद होते. तो रथ युद्ध जिंकण्यासाठी खाली आला. आपला रथ विमानाच्या एका तिकिटासाठी खाली आणावा काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

शिक्षेचे भयही काही थोडे नाही. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली असे ठरल्यास अमेरिकेच्या कायद्याने मनुष्य कायमचा अपात्र होतो, आणि त्यातून मोकळे होण्याची वाट फार अरुंद आहे. इंग्लंडात फसवणुकीबद्दल दहा वर्षांपर्यंत, तर कॅनडात पाच वर्षे दार बंद होऊ शकते. साधा नकार पुसता येतो, असत्याचा डाग पुसत नाही. परंतु मला हे कारण दुय्यम वाटते. शिक्षा नसती तर खोटे बोलावे, असा त्याचा अर्थ होऊ नये.

मग दुसऱ्या अर्जात बदलावयाचे काय? काहीच बदलले नसेल तर पुन्हा जाण्यात तरी काय हशील? माझे उत्तर असे की, गोष्ट बदलू नये, सांगणे बदलावे. आणि ते अधिक चतुर न होता अधिक पूर्ण व अधिक स्वतःचे व्हावे. मधल्या काळात परिस्थिती खरोखरच पालटली असेल, घर घेतले गेले असेल, धाकट्याचे लग्न ठरले असेल, तर ते अवश्य सांगावे. नसेल पालटली, तर जे खरे होते पण राहून गेले ते सांगावे. कोठे जाणार, किती दिवस, खर्च कोण करणार, घरी मागे कोण आहे, परत येऊन काय करणार, या पाच प्रश्नांची साधी उत्तरे स्वतःला ठाऊक असली पाहिजेत.

येथेच पुष्कळ घरांत चूक होते असे मी पाहिले आहे. अर्ज मुलगा तिकडे बसून भरतो. आईवडिलांना फक्त भेटीची तारीख कळते. अर्जात 'दोन महिने' लिहिलेले असते आणि आजोबा खिडकीशी 'सहा महिने' सांगतात. मुलाच्या हुद्द्याचे इंग्रजी नाव त्यांनी पाठ केलेले असते, पण तो काय काम करतो ते सांगता येत नाही. मुलाने हौसेने पाठविलेली निमंत्रणपत्रे व पगाराची कागदपत्रे यांचे जाड बाड हाती असते, आणि अधिकारी ते उघडूनही पाहत नाही, कारण त्यास मुलाची परिस्थिती पाहावयाची नसून समोर उभ्या असलेल्या मनुष्याचा येथील पाया पाहावयाचा असतो. पाठ केलेले उत्तर खरे असले तरी खोट्यासारखे ऐकू येते. कारण त्यातले शब्द दुसऱ्याचे असतात.

अर्जाच्या नियमांतही हे तत्त्व आहे. अर्ज भरण्यास दुसऱ्याने साहाय्य केले असल्यास तसे नमूद करावे लागते. आणि कोणीही भरला असला तरी शेवटची सही, म्हणजे संगणकावरील ते बटण, अर्जदाराने स्वतःच दाबावयाचे असते. लिहिणारा कोणीही असो, शब्द ज्याच्या नावाचा त्याचा. म्हणून मी ज्यांचे अर्ज भरतो, त्यांना प्रत्येक ओळ मराठीत वाचून दाखवितो, व त्यांनी 'होय' म्हटल्यावाचून पुढे जात नाही. यात वेळ जातो, एकदा एका काकूंनी तर मध्येच थांबवून म्हटले, "अरे, हे मी नाही म्हटलेले. मी तिच्या बाळंतपणाला चालले आहे, तसेच लिही." तसेच लिहिले. निर्णय काय झाला, हे मी येथे मुद्दाम सांगत नाही. मिळाला असता तर खरे बोलल्याचे ते बक्षीस नव्हते, आणि न मिळाला असता तर ती शिक्षाही नव्हती. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाचे वर्णन आहे. कोणास उद्वेग न आणणारे, खरे, प्रिय आणि हिताचे बोलणे, असे ते तप. तपाचे फळ खिडकीपलीकडच्या मनुष्यावर अवलंबून ठेवले तर ते तप कसले? मुलाखतीत इंग्रजीच बोलले पाहिजे असा नियम नाही, हेही सर्वांनी ध्यानात ठेवावे. ज्या भाषेत आपण खरे बोलतो, त्या भाषेत बोलण्याची सोय मागावी.

मुलांनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. आईवडिलांना बोलावण्यात प्रेम असते, यात शंका नाही. पण शिशुगृहाचे शुल्क वाचावे हा हिशेब त्या प्रेमात किती मिसळला आहे, हे ज्याने त्याने एकांतात तपासावे. नातवास मांडीवर घेणे ही मजुरी नव्हे, आणि ती तशी समजूही नये. परंतु पासष्ट वर्षांच्या आईने सकाळी सातपासून सायंकाळी सातपर्यंत परक्या गावात, बर्फात, घराबाहेर एकटीस पडता येत नसताना मूल सांभाळावे, आणि त्यास 'आईची अमेरिकावारी' म्हणावे, हे पितृऋण फेडणे नसून त्यात नवे कर्ज काढणे होय. तसेच व्हिसावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली, तरी एका खेपेस किती राहावयाचे ते तेथे उतरताना ठरते, व ते सामान्यतः सहा महिने असते. त्या तारखेच्या आत परतणे हा ज्याने विश्वास ठेवला त्याच्याशी केलेला करार आहे. शब्द पाळून परतलेला प्रत्येक वृद्ध मागून जाणाऱ्याची वाट थोडी सोपी करतो, असे मला वाटते.

आता त्या मूळ प्रश्नाकडे येतो: तुम्ही परत का याल? हा प्रश्न अर्जदारास विचारला जातो. पण त्याचे अर्धे उत्तर आपणा शेजाऱ्यांपाशी आहे. आपल्या बडोद्याच्या इतिहासातच याचे एक बोचणारे उदाहरण आहे. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षण झाल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करीन, असा करार त्यांनी लिहून दिला होता. १९१७ मध्ये ते परत आले, आणि बडोद्यास नोकरीवर रुजूही झाले. त्यांनी आपला शब्द पाळला. या नगरीने मात्र त्यांना राहावयास खोली दिली नाही. जातीपायी जागोजागी दार बंद झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांना शहर सोडावे लागले. सयाजी बागेतील ज्या स्थानास आज संकल्पभूमी म्हणतात, तेथून जाताना हे आठवावे. परतणाऱ्याचा शब्द पुरा होण्यास त्यास सामावून घेणारे गावही लागते.

आपल्या वृद्धांची गोष्ट त्या अन्यायाच्या पासंगासही पुरणारी नाही, हे मी जाणतो. तरी प्रश्नाचे मर्म तेच आहे. ज्यांची दोन्ही मुले दूर आहेत, अशा किती घरांची चौकशी आपण करतो? पालखीस खांदा द्यावयास, पंगतीत वाढावयास, कीर्तनास पुढे बसावयास आपण त्यांना बोलावतो, की वर्गणीच्या पावतीपुरतेच त्यांचे नाव आपल्या वहीत आहे? सहा महिन्यांनी कुलूप उघडल्यावर त्यांच्या दारी दूध व भाकरी घेऊन कोणी उभे असते काय? ज्या आजोबांस अधिकाऱ्याने 'परत का याल' असे विचारले असता 'आमच्या देवळातील काकड्याचे काम माझ्याकडे आहे' असे खरेपणाने म्हणता येईल, त्यांच्यापाशी कागद नसला तरी पाया आहे. तो पाया दप्तरात दिसेल अथवा न दिसेल. मनुष्याच्या आवाजात दिसतो. आणि असे उत्तर सल्लागार पढवू शकत नाही. ते वर्षानुवर्षे आपण सर्वांनी मिळून खरे करावयाचे असते.

राहता राहिला प्रश्न दुसऱ्या नकाराचा. तोही येऊ शकतो. खरे आणि पूर्ण सांगूनही येऊ शकतो. तेव्हा तिसऱ्यांदा जावे की थांबावे, हे प्रकृती, पैसा व मनाची उभारी पाहून ठरवावे. दरम्यान मुलाने येथे येण्याचा प्रयत्न करावा हे बरे. त्याची अडचणही खोटी नाही. तिकडे नोकरी करणाऱ्या कित्येकांना येथे आल्यावर स्वतःच्या व्हिसाचा शिक्का पुन्हा घ्यावा लागतो, आणि तो वेळेवर मिळाला नाही तर नोकरीच धोक्यात येते. आईवडील खिडकीच्या अलीकडे, मुलगा पलीकडे, आणि दोघांनाही दार ओलांडण्याची धास्ती, अशी ही स्थिती आहे. तिच्यावर माझ्यापाशी उपाय नाही. एवढेच म्हणतो की, मुलास पाहण्याची आस हा अपराध नाही, ती पुन्हा बोलून दाखविण्यात लाज नाही, आणि ती बोलून दाखविताना आपण जसे आहो तसेच उभे राहिलो, तर नकार फक्त अर्जास मिळतो, आपल्यास नाही.

वडीलधाऱ्या सभासदांनी या विचारांतील उणे असेल ते पोटात घालावे व योग्य वाटेल ते घरी बोलावे. इत्यलम्.